बत्तीसने जड

आमच्या प्रयोगशाळेत निरोगी माणूस म्हणजे मी. ही फुशारकी नव्हे. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात एक निळं खोकं आहे आणि त्यावर मार्करने ठसठशीत लिहिलेलं आहे, 'निरोगी'. त्यातल्या सगळ्या नळ्या माझ्या रक्ताच्या. अकरा वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा तुलनेसाठी कोणातरी धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. बाहेरचा माणूस शोधत कोण बसणार म्हणून मीच बाही वर केली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सिस्टर माझं रक्त काढते, आणि कोणत्याही रोग्याचा नमुना यंत्रात जाण्याआधी माझा जातो. रोग्याचं काय बिघडलंय ते माझ्याशी ताडून ठरतं. घरी मी बाराही महिने शिंकत असते, पण ते यंत्राला दिसत नाही.

आमचं काम प्रथिनांची वजनं करण्याचं. बहुतेक ठिकाणी प्रथिनाचे आधी तुकडे करतात आणि तुकडे मोजतात. आम्ही अख्खं प्रथिन मोजतो. माणसाला खिशातल्या किल्ल्या आणि हातातल्या ओल्या छत्रीसकट काट्यावर उभं करावं, तसं. शरीर प्रथिन बनवतं आणि मग त्याला कुठे साखर, कुठे गंधक, कुठे आणखी काही चिकटवत बसतं. त्या प्रत्येक जोडाचं वजन ठरलेलं असतं आणि ते पडद्यावर वेगळं शिखर होऊन उभं राहतं. कोणाला काय किती चिकटलंय याची ठेवण माणसागणिक थोडी निराळी असते. माझी मला अक्षर ओळखावं तशी ओळखू येते. उघड्या प्रथिनाचं शिखर बुटकं, त्याच्या उजवीकडे गंधकाचं उंच, आणि त्या उंचाच्या पाठीवर एक लहानसा फुगवटा. माझा सहकारी त्या फुगवट्याला 'बाईंचं कुबड' म्हणतो. तो स्वतः इतका बारीक की आम्ही सगळे त्याला काडी म्हणतो, त्यामुळे फिट्टंफाट.

रक्तातलं एक प्रथिन आहे, तेरा हजार सातशे एकसष्ट वजनाचं. काही घराण्यांत या प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा जन्मापासून चुकीचा असतो. तेवढ्या चुकीने ते बत्तीसने जड होतं. असं प्रथिन पुढे मोडतं आणि त्याचा गाळ नसांमध्ये साचत जातो. आधी बोटांची टोकं बधिर होतात, मग हात, शेवटी हृदय. हल्ली यावर औषध आहे, पण ते रोगाला आहे तिथे थांबवतं. गेलेलं परत आणत नाही. म्हणून लवकर कळणं हेच सगळं.

माझ्या जाऊबाईंची बोटं बधिर व्हायला लागली होती.

माझे थोरले दीर गेल्यापासून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान वहिनीच चालवतात. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, आणि भिंतभर प्रत्येकी वेगळी वेळ दाखवणारी घड्याळं. केसाइतका स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर बसवायचा हे त्यांचं काम, आणि तो स्क्रू हल्ली हातातून निसटायला लागला. दुकानाच्या फरशीवर त्या गुडघे टेकून लोहचुंबक फिरवताना मी त्यांना दोनदा पाहिलं.

"शास्त्रीणबाई," मला म्हणाल्या, "तुझ्या यंत्रात जरा माझी बोटं घालून बघ. आत वंगण संपलंय वाटतं."

नसांच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त आमच्याकडेच पाठवायचं ठरवलं. वहिनींची शीर सापडणं महाकठीण. सिस्टरने चार ठिकाणी टोचलं, हात काळानिळा झाला, तेव्हा कुठे एक नळी भरली. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर मी म्हटलं, "काळजी करू नका, मी जातीने बघते. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

आणि दुसऱ्या कोणी हात लावलाही नाही. शुक्रवारी दुपारी मी ती नळी फ्रीझरमधून काढून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. तेवढ्यात प्रमुखांनी कसल्याशा बैठकीला बोलावलं. बैठक लांबली आणि मी तशीच घरी गेले. सोमवारी सकाळी दार उघडलं तर नळी तिथेच, उन्हात.

आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. हवेत राहिलेलं प्रथिन प्राणवायू धरतं. एक कण धरला की सोळाने जड होतं, दोन धरले की बत्तीसने. म्हणजे जो आकडा शोधायचा, नेमका तोच निष्काळजीपणातून तयार होतो. महिन्यापूर्वी काडी असाच एक नमुना बाहेर विसरला होता आणि मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. "एवढंही भान नसेल तर पोस्टात तिकिटं चिकटवा," असं म्हणाले होते.

मी तो नमुना तसाच यंत्रात घातला. पडद्यावर दोन शिखरं आली. एक बरोबर, आणि दुसरं बत्तीसने जड.

हवेनेच झालं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण हवेने झालं असतं तर मध्ये सोळाचं शिखर दिसायला हवं होतं. पहिली पायरी गाळून सगळेच्या सगळे दुसरीवर जाऊन उभे राहत नाहीत. सोळाच्या जागी सपाट रेघ होती. ती मी पाहिली. हे मी इतक्या स्पष्टपणे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

नमुना संपला होता. खात्री करायची तर ताजं रक्त हवं. म्हणजे वहिनींना सांगायचं की तुमचं रक्त मी उन्हात विसरले, पुन्हा हात पुढे करा. काडीसमोर कबूल करायचं की तिकिटं चिकटवायला मीच जायला हवं. यातलं काही अवघड नव्हतं. कोणीही शहाणा माणूस हे दहा मिनिटांत करून मोकळा झाला असता. मी निळ्या खोक्यातून माझी एक नळी काढली, तिच्यावर वहिनींचा क्रमांक चिकटवला आणि ती यंत्रात घातली. अहवालात एकच ओळ आली. दोष आढळला नाही.

महिन्याभरात काहीतरी निमित्त काढून नवं रक्त घ्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं. झाकली मूठ तोवर झाकलेली.

त्या रविवारी वहिनींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "घरात शास्त्रीण असली की असा आधार असतो बघा." माझा नवरा कौतुकाने हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी दोनदा वाढून घेतलं, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. डॉक्टरांनी त्यांना वयाचं कारण सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. पुढचा तपास थांबला.

एक महिना गेला, मग दुसरा. मी निमित्त काढलं नाही. दुकानावरून जायचा रस्ता मी बदलला. एकदा नाइलाजाने गेले तर वहिनी गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "बायकांची लहान घड्याळं सध्या घेत नाही हो." मला पाहून त्यांनी हात टेबलाखाली घेतले. लाज मला वाटायला हवी होती, आणि ती वाटली, पण हात त्यांनी लपवले.

मी देवाधर्माची बाई नाही. पण त्या संध्याकाळपासून मी मनातल्या मनात एक गोष्ट म्हणायला लागले. भांडी घासताना, जिना चढताना, यंत्राचा पंप सुरू होण्याची वाट बघताना. 'तो रिपोर्ट खरा निघू दे.' वहिनींना बरं वाटू दे, असं नाही. रिपोर्ट खरा निघू दे. या दोन्हींत काय फरक आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी काडी पडद्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमचं कुबड गेलं."

मी पाहिलं. उंच शिखराची पाठ सरळ झाली होती. नळीत घाण बसली असेल म्हणून आम्ही यंत्र धुतलं आणि पुन्हा लावलं. कुबड आलं नाही. पुढच्या आठवड्यात उजव्या हाताला, बत्तीसच्या अंतरावर, एक बारीक उंचवटा दिसायला लागला. रोग्यांचे नमुने जसे यायला हवे तसेच येत होते. फक्त माझाच बदलत होता.

"फ्रीझर बिघडला असेल," मी म्हटलं. "हवा शिरली असेल."

"मग सोळाचं कुठाय?" काडीने विचारलं. सहजच विचारलं.

निळ्या खोक्याच्या तळाला पहिल्या वर्षीच्या नळ्या होत्या. बर्फाने एकमेकींना चिकटलेल्या, अकरा वर्षांत कोणी न उघडलेल्या. मी त्यांतली एक सोडवून घेतली. तिच्या झाकणावरचं सील मी माझ्या हाताने तोडलं. तिच्यातही तो उंचवटा होता, आणि आदल्या दिवशीच्या नळीपेक्षा अंमळ मोठा.

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. पण खरं सांगते, तेव्हाही पहिला विचार आला तो हा, की कोणी माझा निरोगी नमुना तपासायला घेतला तर वहिनींच्या अहवालाचंही बिंग फुटेल.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. कबुली द्यायची नाही, फक्त नवं रक्त घ्यायचं, इतकंच धाडस घेऊन गेले होते.

"वहिनी, नवी पद्धत आलीय. एकदा पुन्हा रक्त देता का?"

"घे की. माझं काय, नळच आहे." त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. समोर बायकांचं एक इवलंसं घड्याळ उघडं पडलं होतं. बोलता बोलता त्यांनी चिमटा बाजूला ठेवला आणि एक स्क्रू नुसत्या नखाने उचलून जागेवर ठेवला.

"हात?" मी विचारलं.

"महिना झाला. मुंग्या थांबल्या, मग हळूहळू सगळं कळायला लागलं. गोळ्यांचा गुण, दुसरं काय."

गेलेलं परत येत नाही. हे मी वर लिहिलं आहे.

सिस्टरला त्यांची शीर पहिल्याच टोचण्यात सापडली. नळी भरल्यापासून यंत्रात जाईपर्यंत मी ती मुठीतच धरून ठेवली, एकदाही खाली ठेवली नाही. सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन होतं, शेजारच्या खोलीत कोणीतरी कपाट ओढत होतं.

पडद्यावर शिखरं उभी राहिली.

उघडं, बुटकं. उजवीकडे गंधकाचं, उंच. त्याच्या पाठीवर फुगवटा.

मी नळीवरचं नाव वाचलं. वहिनींचं होतं. तीनदा लावलं, तीनदा तेच आलं. मग काडीला हाक मारली आणि काही न सांगता पडदा दाखवला.

"हे तर तुम्हीच," तो म्हणाला. "चला, कुबड आलं परत."

त्या दुपारी मी दुकानात जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. उन्हातली नळी, दोन शिखरं, माझं रक्त, त्यांचा क्रमांक. सांगताना माझा आवाज इतका लहान झाला होता की भिंतीवरच्या घड्याळांत तो मलाच नीट ऐकू येत नव्हता.

वहिनींनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. "मग?"

"रिपोर्ट खोटा होता, वहिनी."

"पण बरोबरच निघाला ना? आजचाही तसाच आलाय म्हणतेस."

"हो, पण तो खोटा—"

"वेडी आहेस." त्या हसल्या. "माझी बोटं चालतायत, मी कामाला लागलेय. उगाच जिवाला लावून घेतलंस. जा, घरी जाऊन झोप काढ."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि बाहेर आले. रस्त्यावर मला एकदम हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली की मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मला कोणीतरी रागवायला हवं होतं. अपराध कोणी घेतच नसेल तर तो ठेवायचा कुठे?

तीन आठवड्यांनी सिस्टरने माझं ताजं रक्त काढलं. उजवीकडचा उंचवटा आता अख्खं शिखर झाला होता. या वेळी काडीने ते जड प्रथिन यंत्राच्या आतच मोडून नेमका भार कुठे आहे ते पाहिलं. प्राणवायू नव्हता. साखळीतला तिसावा दुवाच वेगळा होता.

असा दुवा कोणाकडून लागत नाही. वयानेही येत नाही. माणूस तो घेऊनच जन्मतो.

"जुने कागद काढ," मी म्हटलं. "आधी असं नव्हतं."

काडीने फाइल आणली. अकरा वर्षांचे छापील कागद. प्रत्येकावर दोन शिखरं, बत्तीसच्या अंतरावर. पहिल्या कागदावर काडीच्या हातचा पेन्सिलीचा बाण होता आणि त्यापुढे 'बाईंचं कुबड'. बाण दुसऱ्या शिखराकडे होता.

"आधीपासून असंच तर आहे," काडी म्हणाला. त्याच्या आवाजात कीव होती. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहितीय."

"मग मला निरोगी म्हणून का वापरत होता?"

"तुम्हीच वापरायला सांगितलं होतंत."



नसांच्या डॉक्टरांनी माझे हात तपासले, गुळगुळीत चाकाने आणि खरखरीत चाकाने. दोन्ही मला सारखीच लागली. हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला असणार, ते म्हणाले. घरात कोणाला होता?

कोणालाच नव्हता. आई अजून स्वेटर विणते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तापाने गेले, आणि जाण्याच्या आठवड्यापर्यंत त्यांच्या हातात ब्रश होता. शेवटची पाटी एका औषधाच्या दुकानाची. निळी अक्षरं. शिडी मी धरली होती, माझ्या बाहीवर रंगाचा थेंब पडला होता. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. तरीही घरी विचारून घ्या, असं ते म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच मी दादाला फोन लावला.

"दादा, बाबांच्या हातांना कधी काही झालं होतं का?"



"आज हे का काढलंस?"

"डॉक्टरांनी विचारलंय."

"शेवटची चार वर्षं त्यांना चमचा धरता येत नव्हता. मी भरवायचो. तू यायचीस की सुट्टीत."

"नाही रे. ती औषधाच्या दुकानाची पाटी... मी शिडी धरली होती."

"शिडीवर मी होतो. बाबा खाली खुर्चीवर बसून सांगत होते, वेलांटी कशी काढायची ते."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत मी थांबले.

"मग त्यांना कोणाला दाखवलं का नाही, दादा?"

"दाखवणारच होतो." तो सावकाश बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं. "पण तू म्हणालीस, रक्त मी माझ्याकडे नेते, मीच बघते. मग तुझा फोन आला की दोष नाही. तू सांगितल्यावर आम्ही आणखी कुठे जाणार?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जाऊ दे ग," दादा म्हणाला. "इतकी वर्षं झाली. तुला घरात कोणी कधी एका शब्दाने तरी बोललं का?"